दसऱ्याची यादी

माझ्या हातचं सगळ्यात सुबक काम कोणतं असं कोणी विचारलं, तर ती यादी. एकाही ओळीत खाडाखोड नाही, मोडी अक्षर सगळं एका उंचीचं, समास नीट सोडलेला, खाली माझी सही. कल्याणच्या कचेरीच्या दप्तरखान्यात कुठल्या तरी रुमालात बांधून ती अजून पडली असेल. वाळवीने खाल्ली असेल तर वाळवीचं भलं होवो. सरकारी नोकरीत जन्म गेला, कागद लिहून लिहून बोटं वाकडी झाली, पण पाठ आहे तो तेवढा एकच कागद.

आमचं गाव डोंबिवलीच्या पुढे, दिव्याच्या अंगाला. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि मध्ये भाताची शेतं. आम्ही आगरी. गावातले निम्मे मिठागरात राबायचे, निम्मे शेतात. आगगाडी आमच्या बांधाला लागून धूर सोडत जायची, पण थांबायची नाही. कल्याणला जायचं तर पायीच. माझा बाप मी रांगत होतो तेव्हाच तापाने गेला. आई त्याच्यामागून वर्षभरात. मला वाढवलं काकाने आणि काकीने, आणि त्यांना दुसरं मूल नव्हतं.

काका गावाचा राखणदार होता. हे काम काय ते सांगायला हवं, कारण आताच्या पोरांना ते ठाऊक नाही आणि विचारायची त्यांना गरजही वाटत नाही. आमच्या भाताला दुष्मन दोन: खाडीचं खारं पाणी आणि डोंगरातली रानडुकरं. पाणी बांध घालून अडवता येतं. डुकरं बांधाला जुमानत नाहीत. दाणा भरायला लागला की कळपच्या कळप खाली उतरतो, आणि खातो त्याच्या चौपट तुडवतो. काकाकडे त्याच्या आज्याच्या वेळची तोड्याची बंदूक होती. म्हणजे चाप ओढला की पेटती वात दारूवर टेकते आणि मग बार उडतो. नळी काकाच्या खांद्याला लागेल एवढी लांब, आणि दस्त्याला एक चीर गेलेली होती तिथे तांब्याच्या तारेचे सात वेढे. भाद्रपदापासून कापणी उरकेपर्यंत काका डोंगराच्या पायथ्याशी माळ्यावर बसून सगळ्या गावाचं भात राखायचा. वर्षाकाठी दोन-तीन डुकरं पडायची, त्यांचे वाटे घरोघर जायचे. एरवी नुसता आवाज पुरायचा.

त्याबद्दल कापणीनंतर प्रत्येक घरातून काकाच्या खळ्यावर भाताचे भारे यायचे. आमची स्वतःची जमीन खाडीला चिकटलेली, खारी. तिच्यावर चार महिने कसेबसे निघायचे. बाकीचे आठ महिने त्या भाऱ्यांवर. त्याच भाऱ्यांवर मी वाढलो आणि कल्याणच्या मराठी शाळेत शिकलो. बंदुकीवर शिकलो म्हणा ना.

शाळा संपल्यावर मी कल्याणच्या कचेरीत उमेदवार म्हणून लागलो. उमेदवार म्हणजे फुकटचा कारकून. एखादी जागा रिकामी होईल या आशेवर बिनपगारी लिहीत बसायचं. दोन वर्षं मी तसा बसलो. आमच्या जातीतला त्या कचेरीतला मी पहिलाच, त्यामुळे मी शेजारी टेकलो की बाकीचे उमेदवार मिठाचा वास येतो म्हणत नाकाला उपरणं लावायचे. मला हाताशी धरलं ते एकाच माणसाने. ते कचेरीतले अव्वल कारकून, मामलेदारांच्या खालोखालचे. सगळे त्यांना रावसाहेब म्हणत. बोरू कसा तासायचा, अर्जाचा मायना कसा घालायचा, वरच्याला लिहिताना काय गाळायचं, हे मला त्यांनी शिकवलं. आमच्या बोलीत ळ नाही, आम्ही डोळ्याला डोला म्हणतो. माझ्या तोंडात ळ बसवला तोही त्यांनीच, कचेरी सुटताना रोज दहा वेळा मला ‘कळवळा’ म्हणायला लावून. मी त्या माणसाला देव मानत होतो. हे लिहितानाही मला राग येतो.

हत्यारांचा कायदा आमच्या कचेरीत आला तो पावसाळ्यात. त्याचा मराठी तर्जुमा गावोगावच्या चावडीसाठी उतरवायचं काम उमेदवारांवर पडलं, म्हणून तो मला इतका पाठ झाला की झोपेत विचारला तरी सांगितला असता. परवान्याशिवाय बंदूक बाळगायची नाही. दारू बाळगायची नाही. बाळगली तर दंड किंवा कैद. परवाना देणार ठाण्याचे कलेक्टर साहेब. गोऱ्यांना परवाना नको.

तीन प्रती झाल्यावर माझा बोरू थांबला. मी उठून रावसाहेबांकडे गेलो. म्हटलं, “आमच्या काकाचं कसं व्हायचं? तो बंदुकीवर गाव राखतो.”

रावसाहेबांनी सुपारी कातरता कातरता मान वर केली. म्हणाले, “अरे, शेताची राखण करणाऱ्यांना परवाने द्यायची सोय आहेच की. पण कोणाकडे काय आहे हे सरकारला आधी कळायला नको का? एकदा यादी झाली, की यादीत नाव असेल त्याला परवाना. नाव दडवील त्याला बेडी.”

“नक्की ना, रावसाहेब?”

“मी सांगतोय ना,” ते म्हणाले, आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

यादी मात्र होईना. पाटलांना हुकूम गेले आणि सगळ्या पाटलांकडून एकच जबाब आला: आमच्या गावी हत्यार नाही. सगळे खोटं बोलत होते आणि ते कचेरीलाही माहीत होतं. सत्तावनच्या बंडानंतर लोकांनी बंदुका पेंढ्यात नाहीतर कणगीच्या बुडाशी दडवायची सवयच लावून घेतली होती. ठाण्याहून तगादे यायला लागले. रावसाहेब चिडचिडे झाले. मला त्यांचं वाईट वाटलं, आणि काकाचं नाव यादीत गेल्याशिवाय परवाना नाही हाही घोर होता. तेव्हा मला एक शक्कल सुचली. हो, माझीच ती. दुसऱ्या कोणाच्या डोक्यातून आली असती तर आज मला झोप लागली असती.

आमच्याकडे दसऱ्याला घरातलं एकही हत्यार पूजेवाचून ठेवायचं नसतं. कोयता, विळा, कुदळ, मिठागरातलं फावडं, सगळं धुऊन गावदेवीच्या देवळापुढे मांडायचं आणि हळदकुंकू वाहायचं. हत्यार म्हणजे ज्याच्यावर आपण पोट भरतो ते, मग ते लोखंडाचं असो की लाकडाचं. त्यात बंदूकही आली. वर्षभर कुठेही दडवलेली असो, त्या सकाळी ती बाहेर निघायलाच हवी. पूजा चुकलेलं हत्यार वर्षाच्या आत धन्याच्या घरावर उलटतं, असं आम्ही मानतो. मीही मानत होतो, म्हणून तर सुचलं.

मी रावसाहेबांना म्हटलं, “पाटलांना कशाला विचारत बसता? दसऱ्याच्या सकाळी देवळापुढे जाऊन बसलं की एकूण एक बंदूक आपल्या पायांनी चालत समोर येते.”

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले, “शाबास.” त्या एका शाबासकीवर मी आठ दिवस जमिनीपासून वीतभर वर चालत होतो. त्यांनी लगेच आणखी चौघांना हीच युक्ती सांगून आसपासच्या गावांवर नेमलं आणि आमचं गाव माझ्याकडे दिलं.

दसऱ्याला मी सकाळीच देवळापुढे घोंगडी अंथरून बसलो. दौत, बोरू, कागद. लोक हत्यारं घेऊन येत होते ते मला बघून थबकले. काहींनी खांद्यावरचं धोतरात गुंडाळलेलं लांबडं तसंच मागे फिरवलं. मी हाका मारल्या, समजावलं, कोणी जवळ येईना. तेव्हा काका पुढे झाला. त्याने आपली बंदूक सगळ्यांच्या देखत ओट्यावर मांडली आणि म्हणाला, “आपला पोऱ्या हाय तो. परका शिपाय नाय. पयलं माजं नाव लिव रं.”

मी लिहिलं. काकाचं नाव, बापाचं नाव, तोड्याची बंदूक एक, दस्त्याला तांब्याची तार. मग बाकीचे आले. आमच्या गावात नऊ बंदुका निघाल्या. मलाही चार-पाचच माहीत होत्या. शेवटी एक विधवा म्हातारी आली, ती आमच्या काकीची सोबतीण. तिच्या मेलेल्या नवऱ्याची बंदूक तिने लुगड्यात गुंडाळून आणली होती. तिला चापच नव्हता. “ही उडत नाय,” ती म्हणाली, “तरी लिवतोस का? मंग मना पन कागद मिलंल?” मी म्हटलं, मिळेल, आजी. तिचीही लिहिली.

सगळी हत्यारं मांडून झाली तशी काकीने ताम्हण आणलं. एकेका हत्याराला हळदकुंकू लावत ती माझ्यापाशी आली आणि म्हणाली, “तुजी लेखनी पन मांड. तू तिच्यावर पोट भरनार ना?”

मी हसून म्हटलं, “काकी, ती मांडली तर यादी कशाने लिहू? झाल्यावर मांडतो.” सगळे हसले. यादीची स्वच्छ प्रत पुरी होईपर्यंत पूजा उठली होती, आणि मला शाई वाळायच्या आत कल्याणची वाट धरायची होती.

निघताना काकी मला दारापर्यंत पोचवायला आली. “देवीच्या म्होरं बसून लोकांची नावं लिवलीस,” ती म्हणाली. “परवाना नाय मिलाला तं?” मी तिला वेड्यात काढलं. सरकारच्या घरी असं होत नसतं काकी, असं काहीतरी बोललो. शिकल्यासवरल्याचा ताठा होता तो, दुसरं काय.

पाच-सहा दिवसांनी हुकूम निघाला: यादीतल्या सगळ्या बंदुका कचेरीत जमा करा. मी रावसाहेबांकडे धावलो. भात ऐन भरात होतं. रावसाहेब म्हणाले, “तपासणीपुरत्या रे. बघायच्या, नोंदायच्या, परवान्यासकट परत द्यायच्या. आठ दिवसांचं काम. तुझ्या काकाची तर मी पहिली काढतो.” मी गावात जाऊन हेच सांगितलं, माझी भर घालून. आठ दिवस थाळ्या बडवून काढा म्हटलं.

काका बंदूक खांद्यावर टाकून कल्याणला आला. दस्त्यावरचं कुंकू त्याने पुसलं नव्हतं. आवारात शिपाई बंदुका घेत होता, पण काका त्याच्याकडे गेलाच नाही, थेट माझ्यापुढे उभा राहिला. म्हणाला, “तुजे हातात देतंय.” मी ती दोन्ही हातांनी घेतली आणि त्याला पोच लिहून दिली. काकाला वाचता येत नव्हतं. त्याने कागदाची नीट घडी घालून पागोट्यात खोवली.

आठ दिवस झाले. मग काका दर तिसऱ्या दिवशी यायला लागला. सकाळी निघायचा, कचेरीच्या आवारातल्या चिंचेखाली उकिडवा बसायचा. मी बाहेर आलो की नुसती मान हलवून विचारायचा. मी रावसाहेबांना विचारायचो. ते म्हणायचे, “कागद ठाण्याला गेलाय.” मी काकाला सांगायचो, कागद ठाण्याला गेलाय. एवढंच काय ते माझं काम उरलं होतं.

तिकडे डुकरं उतरायला लागली होती. पहिले काही दिवस थाळ्यांना आणि पलित्यांना बिचकली, मग त्यांना कळलं की आवाजामागे काही नाही. डोंगराकडची शेतं सकाळी बघवेनात. आडवं झालेलं, चिखलात तुडवलेलं भात, वर खुरांचे ठसे. ज्यांची शेतं गेली ते काकाला काही बोलत नव्हते, फक्त समोरून आले तर बांध बदलायचे. काकाच्या जिवाला ते जास्त लागायचं.

त्या दिवसांतली एक गोष्ट काका पुढे नेहमी सांगायचा. रेल्वेचा एक गोरा खाडीत बदकं मारायला आला होता, त्याच्याकडे दोन नळ्यांची चकचकीत बंदूक. काकाने त्याला वाटेत गाठलं, हाताने डोंगर दाखवला, डुकरासारखं नाक फेंदारून दाखवलं, तुडवलेलं भात दाखवलं, आणि हात जोडले. तो पोट धरधरून हसला. पण मग डोंगराकडे वळून त्याने दोन बार काढले आणि टोपी उचलून निघून गेला. त्या दिवशी डुकरं आली नाहीत. तो गोरा काकाचं काय देणं लागत होता? काही नाही. त्याच्याजवळ मागितलं, त्याने दिलं. आणि ज्याच्या शब्दावर आम्ही सगळं नेऊन ओतलं तो माणूस कल्याणला बसून सुपारी कातरत होता.

शेवटी मी कोणाला न सांगता ठाण्याला गेलो. कलेक्टर कचेरीत माझ्या शाळेतला एक सोबती नकलनवीस होता. त्याला म्हटलं, आमच्या परवान्यांचे अर्ज कुठे अडकलेत तेवढं बघ. तो रुमाल सोडून बसला, वर-खाली केलं, आणि म्हणाला, “अर्ज नाहीत रे. तुमच्याकडून नुसती यादी आलीय.” त्याने ती माझ्यापुढे ठेवली. माझ्याच यादीची नक्कल. वर रावसाहेबांच्या हातचं एक पान जोडलेलं होतं. ते मी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. खाली लिहिलेल्या बंदुका बिनपरवाना आढळल्या, सबब जप्त केल्या आहेत. शेतराखणीची सबब लोक सांगतात, ती मानण्याजोगी नाही. परवान्यासाठी शिफारस एकाच इसमाची: कल्याणचे एक इनामदार.

ते इनामदार म्हणजे रावसाहेबांचे सासरे. त्यांची बंदूक बैठकीत हरणाच्या शिंगांखाली टांगलेली असायची. त्यांनी जन्मात शेताच्या चिखलात पाय घातला नव्हता. आणि ‘आढळल्या’ हा शब्द बघा. लोकांनी देवीपुढे आपल्या हाताने मांडल्या, माझ्या हाताने लिहिल्या गेल्या, काकाने कल्याणपर्यंत खांद्यावर वाहून आणली, आणि या माणसाला त्या आढळल्या. वरच्याला लिहिताना काय गाळायचं ते त्यांनीच मला शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यापुढे उभा राहिलो. ओरडायचं ठरवून गेलो होतो. “रावसाहेब, तुम्ही केसाने गळा कापलात,” एवढंच म्हणालो.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते अगदी मायेने बोलले. “वेडा आहेस. सरकारला बंदुका कमी करायच्या आहेत, वाढवायच्या नाहीत. सगळ्यांची शिफारस केली असती तर साहेबाने एकही परवाना दिला नसता आणि माझी बदली झाली असती पालघरच्या पलीकडे. आता बघ, साहेब खूश आहेत. मला ठाण्याला शिरस्तेदारी मिळतेय.” मग त्यांनी पेटीतून एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला. “आणि तुलाही विसरलो नाही. घे. आजपासून तू कायम.”

माझ्या नेमणुकीचा हुकूम होता तो. दोन वर्षं ज्याची वाट बघितली तो. मी फाडला असेल, त्यांच्या तोंडावर फेकला असेल, असं तुम्हाला वाटत असेल. मी पुष्कळदा मनात तसं केलंय. प्रत्यक्षात मी तो घेतला आणि कपाळाला लावला, कारण हुकूम घेताना तसं करायची रीत होती आणि हात आपोआप गेला.

कायम झाल्यावर पहिलं काम मला मिळालं ते बंदुका मोडायचं. आवारात चिंचेखाली ऐरण मांडली, लोहार घण घेऊन उभा राहिला. मी एकेक नाव वाचायचं, शिपायाने ती बंदूक आणायची, लोहाराने नळी ठेचून वाकवायची आणि मी नावापुढे खूण करायची. नळ्या एकीकडे, दस्ते दुसरीकडे सरपणाच्या ढिगात. म्हातारीची बिनचापाची बंदूक एका घावात गेली. लोहार म्हणाला, “हिला कशाला आणली? ही मेलेलीच होती.”

काकाचं नाव यादीत पहिलं, म्हणून मी यादी खालून वर वाचत होतो. ते वाचायच्या आधी मी मान वर केली. काका आला होता. त्याचा तो तिसरा दिवस होता, रोजच्यासारखा आला होता, आणि त्याच्या चिंचेखाली ऐरण असल्यामुळे भिंतीशी उभा होता. मला वाटलं वाचू नये. मग वाटलं, न वाचून काय होणार? मी वाचलं. तांब्याची तार तशीच होती, कुंकवाचा डागही होता. जुनं लोखंड, चिवट. लोहाराला तीन घाव लागले. मी खूण केली.

काका जवळ आला. पागोट्यातून माझी पोच काढली, घडी उलगडून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, “हा कागद तुजा. ठेव.” आणि चालायला लागला. मी त्या पोचेची पुन्हा घडी घातली.

चार दिवसांनी काकी कचेरीच्या दारात आली, ती याआधी कधी कल्याणला आली नव्हती. काका पहाटे कोयता घेऊन शेतात उतरला होता. गावाने तोंड फिरवलं तरी त्याने एकट्याने राखण चालू ठेवली होती. पिल्लांवरची डुकरीण अंगावर आली आणि तिने मांडी फाडली. मी वैद्याला घेऊन धावलो. काका वाचला, पण पाय गेला तो गेलाच. त्यानंतर काठीशिवाय उभा राहिला नाही. त्या वर्षी खळ्यावर कोणाचा भारा आला नाही, आणि राखणच झाली नव्हती तर तो मागायचा कोणत्या तोंडाने? घर माझ्या पगारावर चाललं. तो पगार काकाने कधी नाकारला नाही आणि मला कधी एक वाकडा शब्द बोलला नाही. मी मात्र गावात जायचं टाळायला लागलो. कोणाबरोबर तरी पगार पाठवून द्यायचो आणि कचेरीत काम आहे म्हणून सांगायचो.

पुढच्या दसऱ्याला काकाचा निरोप आला: ये, आणि तुझा बोरू घेऊन ये.

मी गेलो. देवळापुढे हत्यारं मांडली होती. कोयते, विळे, कुदळी, फावडी. ओट्यावर बंदुका ठेवायची जागा सारवून रिकामी सोडलेली होती, तिथे कोणी काही ठेवलं नव्हतं. मी जवळ गेलो तसे लोक बाजूला झाले. काका काठी टेकत पुढे आला आणि त्याने हात पसरला. मी बोरू दिला. त्याने तो तांब्यातल्या पाण्याने धुतला, वाळलेली शाई अंगठ्याने चोळून काढली आणि ओट्यावर त्याच्या बंदुकीच्या जागी ठेवला. काकीने हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं.

काका म्हणाला, “मागल्या साली समद्यांची पूजा झाली. याची तेवडी राह्यली.”

तो हे चिडून म्हणाला नाही. खरोखर तसं मानूनच म्हणाला. वर्षभर त्याने विचार केला असणार की आपलं कुठे चुकलं, बंदुकीची पूजा तर झाली होती, मग घरावर उलटलं ते काय, आणि त्याला हे सापडलं होतं. माझ्याशेजारी ती म्हातारी उभी होती. तिने बोरूला हात जोडले. मी तिथेच बसून रडलो, आणि कोणी मला उठवलं नाही.

ऊन उतरल्यावर पूजा उठली, ज्याने त्याने आपापलं हत्यार नेलं. मी बोरू तसाच ठेवून निघालो होतो. काका लंगडत वेशीपर्यंत माझ्यामागे आला आणि त्याने तो आठवणीने माझ्या हातात ठेवला. मी त्याच्याकडे दिलेली वस्तू मला त्याच दिवशी परत मिळाली.